अर्धे राहिलेले विणकाम दुसऱ्याच्या हातून पुरे करताना

आई किंवा आजी गेल्यानंतर कधीतरी घरातली कपाटे आवरायला काढली जातात आणि एखाद्या कापडी पिशवीत सुयांवरच राहिलेला स्वेटर, रिंगेत अडकलेला भरतकामाचा रुमाल किंवा येणाऱ्या पणतीच्या बाळंतविड्यासाठी शिवायला घेतलेले, निम्म्यावर थांबलेले दुपटे सापडते. ते टाकवत नाही आणि पुरे करणारेही घरात कोणी नसते. अमेरिकेत मेसी कॅप्लन आणि जेन सिमॉनिक या दोन विणकाम करणाऱ्या मैत्रिणींनी नेमक्या याच अडचणीसाठी २०२२ साली ‘लूज एंड्स’ ही संस्था सुरू केली. करणारी व्यक्ती गेल्यामुळे किंवा आजारपणाने हात चालेनासे झाल्यामुळे अपुरे राहिलेले हातकाम ही संस्था त्या कामात तरबेज असलेल्या स्वयंसेवकाकडे सोपवते, तो ते पुरे करून घरच्यांना परत देतो आणि कष्टांचे पैसे घेत नाही. निरनिराळ्या देशांतील हजारो माणसे आज त्यात नाव नोंदवून आहेत. आपल्याकडील महिला मंडळांत, ज्येष्ठ नागरिक संघांत आणि परदेशांतील महाराष्ट्र मंडळांत विणणाऱ्या, भरणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या बायकांची वाण नाही. अशा गटांनी हे काम हाती घ्यावे, आणि घेताना पहिल्या हाताचा मान कसा राखावा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

काम स्वीकारण्यापूर्वी

घरच्यांशी पहिले बोलणे शक्यतो समोरासमोर बसून व्हावे. ही वस्तू कोणासाठी चालली होती, ती वापरायची आहे की जपून ठेवायची आहे, आणि तिचे नेमके काय व्हावे असे त्यांना वाटते, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पिशवी हातात घेऊ नये. पाच वर्षांच्या नातवासाठी घातलेला स्वेटर सापडेपर्यंत नातू कॉलेजात गेलेला असतो. मग तो लहान मापातच पुरा करून ठेवायचा, की तयार भागांची उशी किंवा मांडीवर घ्यायची शाल करायची, हे ठरवण्याचा अधिकार घरच्यांचाच आहे. काहींना ते काम आहे तसेच, सुईसकट चौकटीत लावून हवे असते, आणि तोही निर्णय तितकाच योग्य मानावा. तेराव्याच्या आत घाईने कपडे वाटून टाकण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. अशा वेळी हातकामाची पिशवी बाजूला ठेवून वर्षश्राद्धापर्यंत थांबायला सांगावे, कारण त्या दिवसांत घेतलेला निर्णय नंतर फिरवता येत नाही.

वस्तू घेताना सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत आणि पिशवीतल्या प्रत्येक गोष्टीची यादी करून दोघांकडे एकेक प्रत ठेवावी. लोकरीचे गुंडे, तुकडे, सुया, बटणे आणि विशेषतः मूळ काम करणारीच्या हस्ताक्षरातले कागद, मग ते कॅलेंडरच्या मागे लिहिलेले टाक्यांचे हिशेब का असेनात, हे सगळे काम संपल्यावर परत द्यायचे असते. लोकर विकत घ्यावी लागली तर तिचा खर्च आणि कुरिअरचा खर्च कोणाचा, हे आधीच बोलून घ्यावे. एका बाईने एका वेळी एकच असे काम घ्यावे आणि आपल्याला न येणारा प्रकार घेऊ नये. मॅटीवरचे काम सफाईने करणारीला क्रोशाचे बारीक खांब तितक्याच सफाईने जमतील असे नाही, आणि ही सराव करून पाहण्याची जागा नव्हे.

पहिल्या हाताची ओळख

प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधी एक पूर्ण बैठक केवळ पाहण्यासाठी द्यावी. स्वेटर सुयांवरच असेल तर सर्वप्रथम, एकही टाका न विणता, सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून घ्यावा, म्हणजे काही सुटले तरी तिने विणलेली शेवटची ओळ शाबूत राहते. त्यानंतर ती ओळ मधेच थांबली आहे का, हे पाहावे. टाके दोन्ही सुयांवर असतील तर ज्या सुईच्या टोकाकडील टाक्यातून गुंड्याची लोकर निघते, ती सुई उजव्या हातात धरायची. ती डाव्या हातात धरली गेली तर आपण उलटे वळून परत जाऊ लागतो, त्या जागी छोटे भोक पडते आणि एका बाजूला दोन ओळी जास्त होतात, जे बऱ्याच उशिरा ध्यानात येते.

पुढे सुईवर टाका कसा बसला आहे, हे निरखावे. प्रत्येक टाक्याचे दोन पाय सुईच्या दोन बाजूंना असतात. बहुतेकींचा उजवा पाय पुढे असतो, पण लोकर सुईवरून उलट दिशेने घेणाऱ्यांचा डावा पाय पुढे येतो. सुलट टाका विणताना उजवा पाय पुढे असो की मागे, सुई त्यातूनच घालावी, नाहीतर टाका पिळला जाऊन ती एक ओळ कायम वेगळी दिसते. क्रोशाच्या कामात खांबांचा कल पाहिला तर करणारी डावरी होती का, तेही कळते.

यापेक्षाही महत्त्वाचा असतो हाताचा घट्टपणा. तिच्या विणीवर मधोमध पट्टी ठेवून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात, ते मोजावे आणि मग त्याच जाडीच्या लोकरीचा, त्याच विणीचा किमान १५ सेंटिमीटर रुंद नमुना आपण विणून, धुऊन, वाळवून मोजावा. समजा तिचे १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके येतात आणि त्याच सुईवर आपले २२ येतात. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण १२० टाक्यांची पाठ तिच्या हाताने ५० सेंटिमीटर आणि आपल्या हाताने साडेचोपन्न सेंटिमीटर होईल, म्हणजे त्याच भागाला मधेच कळी आल्यासारखी दिसेल. आपला हात सैल असेल तर बारीक सुई घ्यावी, घट्ट असेल तर जाड. आपल्याकडील सुयांचे जुने क्रमांक उलटे चालतात, हे येथे विसरू नये: १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, ११ नंबरची तीन मिलिमीटरची आणि ८ नंबरची चार मिलिमीटरची असते. अमेरिकेत हीच चार मिलिमीटरची सुई ६ नंबरची म्हणून मिळते, त्यामुळे आजीच्या वहीतले ‘१० नं.’ पाहून तिकडच्या दुकानात १० नंबर मागितला तर भलतीच जाड सुई हाती येते. परदेशातून चाललेल्या कामात मापे नेहमी मिलिमीटरमध्येच बोलावीत.

लोकर पुरत नसेल तर

जुन्या गुंड्यावर कागदी पट्टी शिल्लक असेल तर तिच्यावरचा शेड नंबर आणि लॉट नंबर लिहून घ्यावा. शेड मिळाली तरी लॉट बदलला की रंगात किंचित फरक पडतो. पट्टी नसेल तर धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, शेजारी पाणी ठेवून, जाळून पाहावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरडते, तर ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. किती लोकर लागेल याचा अंदाज स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर चांगला येतो: गुंडा तोलावा, दहा ओळी विणून पुन्हा तोलावा आणि उरलेल्या ओळींच्या हिशेबाने लागणारे वजन काढावे.

रंग तंतोतंत जुळला नाही तर तो जुळल्याचे भासवण्याच्या खटपटीत पडू नये. जुनी लोकर थोडी उरली असेल तर दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या अशा विणत गेल्यास बदल हळूहळू होतो. ती अजिबातच नसेल तर गळा, बाह्यांच्या पट्ट्या आणि खालची बॉर्डर स्पष्टपणे दुसऱ्या, पण शोभणाऱ्या रंगात करावी. बाह्या सोडून बिनबाह्यांचा स्वेटर करणे हाही चांगला मार्ग आहे, मात्र तो घरच्यांना विचारून.

चुका आणि थकलेला हात

या कामातला सर्वांत अवघड प्रश्न कौशल्याचा नाही. तिच्या विणीत एक वेल उलट वळलेला असतो, एका पाकळीत रंग चुकलेला असतो, आणि आपल्या सवयीच्या बोटांना ते उसवून नीट करावेसे वाटते. तसे करू नये. जो टाका निसटून खाली धावतो आहे, तो तेवढा अडकवून घ्यावा, कारण तो वस्तू खराब करील. बाकीचे तसेच राहू द्यावे. दीर्घ आजारपणात केलेल्या कामात शेवटच्या काही इंचांमध्ये टाके सैल, वेडेवाकडे होत गेलेले स्पष्ट दिसतात. ज्या मुलीने त्या महिन्यांत आईच्या उशाशी रात्री काढल्या आहेत, तिला ते इंच ओळखू येतात आणि कित्येकदा तिला तेच हवे असतात.

अनेक वर्षे सुईवर राहिलेली ओळ ताणून तिथे आडवी रेघ पडलेली असते. ती ओळ उसवून पुन्हा विणावी, असे काही अनुभवी बायका सांगतात आणि तंत्राच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबर आहे. तरीही माझ्या मते ती राखावी. लोकरीचे काम असेल तर धुतल्यावर रेघ पुष्कळशी बसते; ॲक्रिलिकमध्ये ती राहील, हे घरच्यांना आधी दाखवून त्यांची संमती घ्यावी. आपले काम जिथून सुरू झाले, तिथे आतल्या बाजूने वेगळ्या रंगाचा एक छोटा टाका घालून ठेवावा. बाहेरून तो दिसत नाही, पण शोधणाऱ्याला सापडतो.

भरतकाम आणि गोधडी

रिंगेतले कापड हाती येताच रिंग काढावी, कारण बराच काळ अडकून राहिलेल्या रिंगेचा वळ आणि पिवळट रेघ कापडावर बसत जाते. कापडात टोचून राहिलेली सुई गंजली असेल तर ती ओढून न काढता टोकाकडचा गंज अलगद पुसून मग सरकवावी. कापडाला इस्त्री अजिबात लावू नये, कारण छापाच्या काही शाया उष्णतेने पक्क्या होतात. कापडाची उलट बाजू हे येथे खरे पुस्तक असते: सहा पदरी धाग्याचे किती पदर घेतले आहेत, धागा कुठून कुठे गेला आहे, गाठ मारली आहे की शेवट टाक्यांखाली दडवला आहे, हे सगळे मागून वाचता येते. जुन्या लाल आणि काळ्या धाग्यांचा रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपऱ्यात टिपून पाहिल्याशिवाय काहीही धुऊ नये.

गोधडीत टाक्याची लांबी, दोन ओळींमधले अंतर आणि चाल मोजायची असते. काही जणी कडेपासून सुरुवात करून चौकोनात आत येतात, काही जणी सरळ आडव्या ओळी घालतात. चाल कोणतीही असो, तीच पुढे न्यावी. आतले थर सरकले असतील तर मधून कडेकडे कच्चे टाके घालून ते आधी बसवून घ्यावेत. नवे कापड जोडावे लागलेच तर त्याच घरातल्या जुन्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे मागून घ्यावे, आणि कोरे कापडच वापरायची वेळ आली तर ते आधी भिजवून, वाळवून घ्यावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटून बाजूचे जुने कापड खेचते. दोरा सुतीच असावा. पॉलिस्टरचा मजबूत दोरा विरलेल्या सुती कापडाला कापत जातो आणि दोऱ्याआधी कापड फाटते.

परत देताना

पाठवायची वेळ आली तर वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, नोंद ठेवता येईल अशा कुरिअरनेच पाठवावी. शक्य तेथे मात्र स्वतः जाऊन द्यावी. तयार वस्तू शक्यतो न गुंडाळता, उघडी करून हातात द्यावी आणि मग थोडा वेळ आपण काही बोलू नये. रडू आले तर येऊ द्यावे. आपण किती तास घालवले, कुठे अडलो, हे विचारल्यावाचून सांगू नये. सोबत एका कागदावर लोकरीचा किंवा दोऱ्याचा प्रकार, शेड नंबर, धुण्याची पद्धत, म्हणजे लोकरीचे असेल तर कोमट पाण्यात, न पिळता, सावलीत आडवे पसरून, आणि आपले काम कुठून सुरू होते, हे लिहून द्यावे. यादीप्रमाणे सुया, कागद आणि उरलेली लोकर मोजून परत करावी. लोकरीचा एक तुकडा कागदालाच गुंडाळून ठेवावा, म्हणजे पुढे कधी कोपर विरले तर रफूला तो सापडेल.