कूलंट बदलल्यावर गाडी तापतेय? आधी हवा काढा

काटा वर चढतोय पण हीटरमधून गारच हवा येतेय, म्हणजे बहुधा सिस्टीममध्ये हवा अडकली आहे. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा, नाहीतर उकळतं कूलंट अंगावर उडेल. गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, हँडब्रेक ओढा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा. कूलंट कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर ते आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा, रेडीमिक्स असेल तर तसंच भरा. ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडण्याचा स्क्रू) असल्यास बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत सैल करा. तो बऱ्याचदा प्लास्टिकचा असतो, हलक्या हातानेच आवळा. मग झाकण न लावता इंजिन आयडलवर चालवा. थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह) उघडला की रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) तापतो आणि पातळी खाली जाते, तेव्हा भर घाला. बुडबुडे थांबले की झाकण लावा. थांबतच नसतील तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) तपासून घ्या.