तलावातली शिडाची होडी खांदेरीच्या समुद्रासाठी सज्ज करताना

वडोदऱ्यात शिडाची होडी बाळगणाऱ्या माणसाला समुद्र नकाशावर जितका जवळ दिसतो तितका तो प्रत्यक्षात जवळ नसतो. खंभातचे आखात अंतराने आपल्याला सर्वांत जवळचे आणि घोघ्यासमोरचे पीरम बेट आखातातच आहे, म्हणून पहिली सफर तिकडे काढावी असे अनेकांच्या मनात येते. हा विचार सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. भावनगरच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत १० मीटरहून अधिक फरक पडतो, आणि एवढे पाणी सहा तासांत आत-बाहेर करताना जो प्रवाह तयार होतो त्यापुढे लहान होडीचा वेग पुरा पडत नाही. पाच मीटर लांबीची होडी चांगल्या वाऱ्यातही फार तर ५ नॉटच्या (म्हणजे ताशी ५ सागरी मैलांच्या) आसपास धावते. प्रवाह त्याहून जोरात वाहू लागला की शीड भरलेले असूनही होडी मागे जाते आणि ओहोटीनंतर चिखलाच्या पट्ट्यावर बसते.

म्हणून या लेखात मी ज्या सफरीची तयारी सांगणार आहे ती अलिबागजवळच्या मांडव्याहून खांदेरी बेटापर्यंत जाऊन त्याच दिवशी परतण्याची आहे. अंतर एका बाजूने सुमारे ७ सागरी मैल, म्हणजे १३ किलोमीटर भरते. होडी साडेचार ते पाच मीटर लांबीची, उघडी, सेंटरबोर्डची (तळातून पाण्यात खाली सोडता येणाऱ्या फळीची) आणि ट्रेलरवरून नेता येण्याजोगी आहे, आणि तिच्यावर तीन माणसे आहेत, असे मी गृहीत धरले आहे. वडोदऱ्याहून मुंबईपर्यंतचा रस्ता ४०० किलोमीटरच्या आसपास आहे आणि मांडवा त्याच्याही पुढे आहे. एवढे अंतर होडी ओढून नेल्यावर किनाऱ्यावर एखादा स्क्रू सैल निघाला तर तो बदलण्याचे साधन तिथे हाताशी नसते, आणि इतक्या लांबून आल्यावर ‘आता आलोच आहोत तर जाऊ या’ हा मोह फार बळकट होतो. त्यामुळे होडीचे सगळे काम घरच्या अंगणात, निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी पुरे झालेले असावे. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत स्टेनलेस स्टीलची पट्टी कापून भोके पाडून देणारे कारागीर सहज मिळतात, आणि ही सोय होडी घरी असेपर्यंतच उपयोगाची असते.

कामाची सुरुवात हवाबंद कप्प्यांपासून करावी, कारण होडी उलटल्यावर तिला तरंगत ठेवणारी गोष्ट तीच असते. तलावात हे कप्पे थोडे गळके असले तरी कळत नाही, कारण तिथे होडी दोन तास पाण्यात असते आणि किनारा शंभर पावलांवर असतो. कप्प्याचे झाकण बंद करून बुचाच्या भोकातून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरावी आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवावे. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती आहे. हवेचा दाब जरा जरी जास्त झाला तरी फायबरग्लासचा सांधा उघडतो, म्हणून पंपाचे दोन-तीन दट्टे पुरेत. झाकणांची रबरी कडी जुनी झाली असेल तर सरळ बदलावी. कप्प्यांच्या आत घट्ट झाकण लावलेल्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या भरून ठेवाव्यात, म्हणजे कप्पा फुटला तरी तो सगळा पाण्याने भरत नाही. बुचे होडीला दोरीने बांधलेली असावीत आणि प्रत्येक मापाचे एक जादा बूच जवळ असावे.

त्यानंतर डोलकाठी आणि तिला धरून ठेवणाऱ्या तारा तपासाव्यात. तारेवरून कापसाचा बोळा फिरवला की तुटलेला एखादा धागा कापूस पकडतो, आणि असा एक धागा जरी सापडला तरी ती तार बदलावी. तार बहुधा मधे तुटत नाही. ती टोकाला, जिथे धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते तिथे तुटते, म्हणून त्या नळीवर बारीक चीर किंवा गंजाचा तपकिरी डाग आहे का हे भिंग घेऊन पाहावे. शॅकलच्या (तारा जोडणाऱ्या धातूच्या कड्यांच्या) पिना स्टेनलेसच्या बारीक तारेने बांधून टाकाव्यात, कारण लाटांच्या सततच्या धक्क्यांनी त्या हळूहळू उलट्या फिरतात. स्प्लिट पिनांची टोके चिकटपट्टीने झाकावीत, नाहीतर शीड त्यांत अडकून फाटते.

सुकाणूबद्दल मला जरा सविस्तर लिहावेसे वाटते. माझ्या पहिल्या सफरीत किहीमच्या समोर मागून आलेल्या दोन उंच लाटांनी सुकाणू वर उचलले गेले आणि बिजागरीतून सुटून पाण्यात पडले. ते दोरीने बांधलेले होते म्हणून हाती लागले, पण ते परत बसवेपर्यंत होडी लाटांना आडवी झाली होती आणि निम्मी भरली होती. सुकाणू वर सरकू नये म्हणून बिजागरीशी एक लहानशी पट्टी असते. आमच्या होडीवर ती तुटलेली होती, आणि तलावात तिची गरज कधीच पडली नसल्यामुळे ती बदलायची राहून गेली होती. ही पट्टी नवी बसवावी. बिजागरीचे स्क्रू लाकडात किंवा फायबरमध्ये नुसते रुतवलेले असतील तर ते काढून त्यांच्या जागी आरपार बोल्ट घालावेत आणि आतल्या बाजूला धातूची पट्टी देऊन नट आवळावेत. सुकाणूचा दांडा मोडू शकतो, म्हणून एक जादा दांडा घ्यावा, आणि होडीच्या मागच्या कडेवर वल्हे सुकाणूसारखे धरता येईल असे दोरीचे वेटोळे आधीच करून ठेवावे. वल्ह्याने सुकाणूचे काम कसे होते हे तलावात अर्धा तास करून पाहिले तर समुद्रात हात गोंधळत नाहीत.

मुख्य शीड आखडण्याची, म्हणजे वाऱ्याला लागणारा त्याचा भाग कमी करण्याची, सोय दोन टप्प्यांची असावी. ते आखडणे पाण्यावर, हलत्या होडीत, दोन मिनिटांत जमले पाहिजे, आणि त्यासाठी घरी ट्रेलरवर होडी उभी असताना दोऱ्यांचा क्रम वीस वेळा तरी करून पाहावा. वारा वाढेल अशी शंका असेल तर किनाऱ्यावरूनच शीड आखडून निघावे, कारण लहान होडीत आखडलेले शीड मोकळे करणे सोपे असते आणि वाढत्या वाऱ्यात ते आखडणे अवघड असते. डोलकाठीच्या टोकाला फोमचा तरंगता गोळा बांधला की होडी आडवी झाली तरी पूर्ण पालथी होत नाही. इंग्लंडच्या फ्रँक डाय यांनी १९६३ मध्ये स्कॉटलंडहून आइसलँडला आणि १९६४ मध्ये नॉर्वेला जी होडी नेली ती ‘वेफेअरर’ वर्गाची, ४.८२ मीटर लांबीची उघडी होडी होती. वादळात ते डोलकाठी खाली घेत आणि नाळेवरून (होडीच्या पुढच्या टोकावरून) समुद्री नांगर, म्हणजे पाण्यात ओढ धरणारी कापडी पिशवी, सोडून होडीचे तोंड लाटांकडे ठेवत. आपल्याला त्यांच्यासारखे काही करायचे नाही, पण अशी पिशवी जाड ताडपत्रीची घरी शिवता येते आणि शीड दुरुस्त करताना होडी आडवी होऊ न देण्यासाठी ती फार उपयोगी पडते.

नांगर ४ ते ५ किलोचा, त्याला ३ ते ५ मीटर साखळी आणि पुढे ५० मीटर नायलॉनचा दोर असावा. हा दोर अनेकांना जास्त वाटतो. ओहोटीला जिथे ५ मीटर पाणी असते तिथे या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीला साधारण ९ मीटर होते, आणि नांगर धरून राहायला खोलीच्या पाचपट दोर सोडावा लागतो, हा हिशेब केला की ५० मीटर का लागतात ते लक्षात येते. दोराचे दुसरे टोक होडीला पक्के बांधलेले आहे ना, हे निघताना हाताने ओढून पाहावे. दोन वल्ही, दोरीने बांधलेल्या दोन बादल्या, संकटाची खूण म्हणून हातात धरून पेटवायचे तीन तांबडे फ्लेअर, दोन नारिंगी धुराचे, आरसा, शिट्टी आणि विजेरी हे सामान माशांच्या शीतपेटीसारख्या झाकणाच्या डब्यात ठेवून डबा बांधून टाकावा. जीवरक्षक जाकीट किनाऱ्यावरच अंगावर घालावे आणि परत किनाऱ्यावर पाय टेकेपर्यंत ते काढू नये.

होडी उलटवून पुन्हा सरळ करण्याचा सराव तिघांनीही केलेला असलाच पाहिजे. वडोदऱ्यात हा सराव करण्याची एक अडचण आहे. विश्वामित्री आणि आजव्याच्या पाण्यात मगरी आहेत, त्यामुळे तिथे मुद्दाम पाण्यात उतरणे सर्वथा टाळावे. हा सराव सफरीच्या आदल्या दुपारी मांडव्याच्या किनाऱ्याजवळ, छातीपेक्षा जरा जास्त पाण्यात, सगळे सामान होडीत बांधलेले असताना करावा. रिकामी होडी सरळ करणे सोपे असते. सामानासकट सरळ होते का आणि सरळ झाल्यावर बादलीने किती वेळात रिकामी होते, हे कळणे महत्त्वाचे आहे.

दिवस निवडण्याचे काम पंचांगापासून सुरू होते. ते आपल्या प्रत्येक घरात असते, पण भरती-ओहोटीसाठी ते पाहण्याची सवय आपली सुटली आहे. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती येते. हा हिशेब दोन्ही पक्षांना आणि दिवसातल्या दोन्ही भरत्यांना लागू पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सर्वांत कमी. खंभातच्या आखातात भरती काही तास उशिरा पोहोचते, त्यामुळे हा हिशेब तिथे वापरू नये. मुंबईसाठीही तो अंदाजाचाच आहे, आणि नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्यावी.

मला या सफरीसाठी डिसेंबर ते फेब्रुवारीतली पंचमी सर्वांत सोयीची वाटते. त्या दिवशी पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती होऊन दहाच्या सुमारास ओहोटी पुरी होते. या महिन्यांत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो. उजाडताच सातच्या सुमारास निघालेली होडी ओसरत्या पाण्याबरोबर आणि पाठीवरच्या मतलई वाऱ्याने नैऋत्येला जाते, नऊ-साडेनऊला खांदेरीजवळ पोहोचते, आणि अकरानंतर चढत्या पाण्याबरोबर खारा वारा डाव्या अंगावर घेऊन परतते. पाण्याच्या चढ-उताराचा जवळजवळ निम्मा भाग मधल्या दोन तासांत होतो, म्हणून प्रवाह त्या वेळी सर्वांत जोरात असतो, आणि वारा व प्रवाह समोरासमोर आले तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. आदल्या दुपारच्या भरतीला होडी पाण्यात सोडून, विचारून घेतलेल्या आडोशाच्या जागी नांगरून ठेवली तर सकाळी ओल्या वाळूवरून ती ओढत न्यावी लागत नाही.

हवामानासाठी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा, हे दोन्ही तीन दिवस आधीपासून रोज पाहावेत. दुपारचा वारा १५ नॉटच्या वर सांगितला असेल तर सफर पुढे ढकलावी. उत्तर भारतात थंडीची लाट आली की आपल्याकडेही उत्तरेचा वारा दोन-तीन दिवस जोर धरतो आणि अशा दिवसांत पहाटेही समुद्र शांत नसतो.

मार्ग कागदी नकाशावर पेन्सिलीने आखावा आणि त्यावर सासवणे, आवास, किहीम, थळ हे किनारे क्रमाने लिहावेत, कारण डाव्या हाताला तेच दिसत राहतात. मोठ्या जहाजांचा मार्ग उजवीकडे राहतो, तिकडे सरकू नये. मासेमारीच्या डोलजाळ्यांचे खुंट आणि तरंगते डबे जागोजाग असतात. त्यांच्यात सेंटरबोर्ड किंवा सुकाणू अडकू नये म्हणून पुढे बसलेल्या माणसाचे तेवढेच एक काम ठेवावे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला खांदेरीचा किल्ला आणि तिथले दीपगृह दुरून ओळखता येते, पण उंदेरी आणि खांदेरी या दोन्ही बेटांभोवती खडक आहेत. उतरण्याच्या परवानगीची चौकशी आधी करावी. परवानगी नसेल किंवा लाट उठलेली असेल तर बेटाला लांबून वळसा घालून परतावे. सफर तेवढ्यानेही पुरी होते.

निघण्यापूर्वी सागरी पोलीस ठाण्यात माणसांची नावे, होडीचा रंग आणि परतण्याची वेळ कळवावी. किनाऱ्यावर एक जबाबदार माणूस ठेवावा आणि त्याच्याजवळ तीच माहिती लिहून द्यावी. दुपारी तीनपर्यंत निरोप आला नाही तर त्याने वाट न पाहता तटरक्षक दलाच्या १५५४ क्रमांकावर फोन करावा. मोबाईल जलरोधक पिशवीत गळ्यात असावा. व्हीएचएफ (सागरी रेडिओ) संच घेतला तर त्याचा परवाना घ्यावा आणि संकटाच्या हाकेचे चॅनेल १६ ऐकत राहावे. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे परदेशातल्या नातेवाइकांकडून आणण्याची पद्धत आपल्याकडे वाढते आहे, पण परवानगीशिवाय ती भारतात वापरणे बेकायदा आहे.

परत फिरण्याची अट वडोदऱ्यातच कागदावर लिहून तिघांनी मान्य करावी. माझी अट अशी असते: नऊ वाजेपर्यंत थळच्या समोर पोहोचलो नाही, तिघांपैकी एकालाही उलट्या होऊ लागल्या, किंवा होडीतले काहीही मोडले, तर कोणतीही चर्चा न करता परतायचे, आणि वारा उलटा असेल तर किहीमच्या वाळूवर होडी घालायची. माणशी ४ लिटर पाणी, दशम्या आणि सुकी बटाट्याची भाजी बरोबर असली की वाळूवर काही तास थांबावे लागले तरी हाल होत नाहीत.

मांडव्याला परतल्यावर ट्रेलरवर चढवण्यापूर्वी कप्प्यांची बुचे काढून आत किती पाणी आले ते मापाने मोजून लिहून ठेवावे. घरी आल्यावर सगळी होडी, तारा, शॅकल आणि ट्रेलरची चाकेसुद्धा गोड्या पाण्याने धुवावीत. कप्प्यात तांब्याभराहून जास्त पाणी निघाले असेल तर पुढची पंचमी ठरवण्याआधी साबणाच्या पाण्याची परीक्षा पुन्हा करावी.