युकेत गॅस-विजेचा दर फिक्स करायचा का? असं ठरवा

प्राइस कॅप (दर फिक्स न केलेल्या घरांसाठी नियामकाने ठरवलेली दराची कमाल मर्यादा) वाढणार अशी बातमी आली की युकेतल्या आपल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच दोन गट पडतात, एक म्हणतो आजच्या आज फिक्स करून टाका (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी एकच दर बांधून घ्या), दुसरा म्हणतो थांबा, उन्हाळ्यात दर उतरतील. गंमत म्हणजे एकाच रस्त्यावरच्या दोन घरांसाठी दोन्ही सल्ले बरोबर असू शकतात, म्हणून ग्रुपवर विचारण्याआधी स्वतःचा हिशोब करा. तासाभराचं काम आहे, गेल्या वर्षभराची बिलं, फोनमधला कॅल्क्युलेटर आणि चहा घेऊन बसा.

पायरी १: कॅप कशावर आहे ते नीट समजून घ्या

ऑफजेम ही इथली वीज-गॅसची नियामक संस्था. तिने जानेवारी २०१९ पासून इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये प्राइस कॅप लावली (नॉर्दर्न आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे, तिथे ही कॅप नाही). बातम्यांमध्ये येतो तो आकडा, उदाहरणार्थ ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ साठी १,७५५ पौंड, तो ऐकून खूप जणांना वाटतं की वर्षाचं बिल याच्यावर जाऊच शकत नाही. तसं अजिबात नाहीये. कॅप एका युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्टँडिंग चार्जवर (वापर असो-नसो, रोज लागणारी ठरावीक रक्कम) असते, आणि तो १,७५५ चा आकडा वर्षाला २,७०० युनिट (म्हणजे kWh) वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरणाऱ्या एका ठरावीक घराचा आहे. तुम्ही दुप्पट वापरलं तर जवळपास दुप्पट भरणार.

फिक्सचंही तेच. फिक्स होतो तो दर, बिल नाही. दर महिन्याला डायरेक्ट डेबिटने १२० पौंड जातात म्हणजे आपलं बिल १२० ला फिक्स झालं असं समजू नका, ती कंपनीने अंदाजाने ठरवलेली रक्कम असते आणि वापर वाढला की तीही वाढते.

महाराष्ट्रातून नवीन आलेल्यांसाठी एक गोष्ट. आपल्याकडे महावितरणच्या बिलात स्लॅब असतात, १०० युनिटच्या पुढे गेलं की दर चढतो. इथे साध्या टॅरिफमध्ये (दराच्या योजनेत) पहिलं युनिट आणि शेवटचं युनिट एकाच दराचं, त्यामुळे हिशोब उलट सोपा आहे.

पायरी २: तुमचे वर्षाचे युनिट काढा

बिलावर वर्षाच्या वापराचा अंदाज छापलेला असतो, तो विजेचा वेगळा आणि गॅसचा वेगळा लिहून घ्या. स्मार्ट मीटर असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये महिन्याचे आकडे मिळतात, ते जास्त खरे. स्वतः मीटर वाचणार असाल तर विजेचं मीटर सरळ युनिट दाखवतं, गॅसचं मात्र घनमीटर दाखवतं आणि बिल युनिटमध्ये येतं. एक घनमीटर म्हणजे साधारण ११ युनिट. जुन्या घरांमध्ये अजून घनफुटांची मीटरं आहेत, त्यांचा हिशोब वेगळा, तो बिलाच्या मागच्या पानावर दिलेला असतो.

आता येणारं वर्ष गेल्या वर्षासारखंच असणार आहे का हे बघा, कारण आपल्या घरांमध्ये हे खूप बदलतं. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर एरवी सकाळी आठला बंद होणारं हीटिंग दिवसभर चालू राहतं, पुण्याहून आलेल्या माणसाला जानेवारीत १८ डिग्रीवर बसवणं काही खरं नाही. बाळ झालं, कोणी घरून काम करायला लागलं, इलेक्ट्रिक गाडी घेतली, तरी तेच. उलट डिसेंबरमध्ये महिनाभर भारतात जाणार असाल तर थंडीतला एक महागडा महिना कमी होतो, पण स्टँडिंग चार्ज घर बंद असलं तरी रोज लागतोच.

पायरी ३: दोन टॅरिफ समोरासमोर मांडा

तुलना करताना "एवढे वाचतील" हा वेबसाइटवरचा मोठ्या अक्षरातला आकडा सोडून द्या आणि चारच आकडे घ्या: विजेचा युनिट दर, गॅसचा युनिट दर आणि दोन्हींचे स्टँडिंग चार्ज. हे आकडे भागाप्रमाणे बदलतात, लंडनमध्ये विजेचा स्टँडिंग चार्ज कमी आणि नॉर्थ वेल्स-मर्सीसाइडकडे बराच जास्त, तेव्हा दुसऱ्या शहरातल्या मित्राचा दर तुमच्या कामाचा नाही, तुमचा पोस्टकोड टाकूनच बघा.

एक हिशोब करून दाखवते. समजा घरात वर्षाला २,००० युनिट वीज आणि ९,००० युनिट गॅस लागतो. ऑक्टोबर-डिसेंबर २०२५ च्या कॅपचे सरासरी दर होते वीज २६.३५ पेन्स, गॅस ६.२९ पेन्स, स्टँडिंग चार्ज रोज ५३.६८ आणि ३४.०३ पेन्स. मग वीज ५२७ पौंड, गॅस ५६६ पौंड, स्टँडिंग चार्ज ३२० पौंड, एकूण साधारण १,४१३. आता समजा एका फिक्समध्ये वीज २४.८०, गॅस ५.९० आणि स्टँडिंग चार्ज ५२ आणि ३१ पेन्स मिळतायत. वीज ४९६, गॅस ५३१, स्टँडिंग चार्ज ३०३, एकूण १,३३०. म्हणजे ८३ पौंडांचा फरक, जवळपास ६ टक्के.

स्टँडिंग चार्जचे ३२० पौंड बघा, एक युनिट न जाळता जाणारे. एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एकटं राहणाऱ्याने युनिट दर थोडा जास्त आणि स्टँडिंग चार्ज कमी असलेलं फिक्स शोधावं, मोठ्या कुटुंबाने उलट.

पायरी ४: फिक्सची तुलना पुढच्या वर्षाशी करा

खरी मेख इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

कॅप दर तीन महिन्यांनी बदलते, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरला, आणि नवीन आकडा त्याच्या महिनाभर आधी, म्हणजे नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवडा-दहा दिवसांत जाहीर होतो. कॅपमधला घाऊक किमतीचा भाग आधीच्या काही महिन्यांच्या बाजारभावावरून काढतात. त्यामुळे घाऊक बाजारात गॅस एकदम भडकला तरी आजची कॅप तशीच दिसते. फिक्सचं तसं नाही, कंपन्या फिक्स आजच्या बाजारभावावर ठरवतात, त्यामुळे ती चार दिवसांत महाग होतात किंवा गायबच होतात. मग आपण बघतो की फिक्स आजच्या कॅपपेक्षा महाग आहे, म्हणतो कशाला घ्यायचं, आणि तीन महिन्यांनी कॅप फिक्सच्याही वर जाऊन बसते.

हे झालेलं आहे. ऑक्टोबर २०२१ ला कॅप १,२७७ पौंड होती आणि बाजार तेव्हाच पेटला होता. एप्रिल २०२२ ला कॅप झाली १,९७१. पण घाबरून उडी मारण्याचंही उदाहरण त्याच वर्षीचं आहे: ऑगस्ट २०२२ च्या शेवटी ऑक्टोबरची कॅप ३,५४९ पौंड जाहीर झाली, लोक मिळेल ते फिक्स घ्यायला धावले, आणि सप्टेंबरमध्ये सरकारने हमी देऊन तोच आकडा २,५०० वर रोखला. जुलै २०२३ पर्यंत कॅप २,०७४ वर उतरली होती.

म्हणून हिशोब असा करा. वरच्या उदाहरणात फिक्स ६ टक्के स्वस्त आहे, तर फिक्स घेऊन तोटा व्हायला कॅप पूर्ण वर्षाच्या सरासरीत आजच्यापेक्षा ६ टक्क्यांहून जास्त खाली जायला हवी. फिक्स आजच्या कॅपपेक्षा ५ टक्के महाग असेल आणि पुढच्या महिन्यापासून कॅप १० टक्के वाढणार हे जाहीर झालं असेल, तरी ते फिक्स विचार करण्यासारखं आहे. कॉर्नवॉल इनसाइट नावाची संस्था पुढच्या कॅपचे अंदाज देते, जवळच्या तिमाहीचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा असतो, वर्षभर पुढचा मात्र युद्ध, थंडी, सरकारी निर्णय यांनी कधीही बदलू शकतो.

अजून एक, ऋतू विसरू नका. गॅसचा बहुतेक वापर ऑक्टोबर ते मार्चमध्ये होतो. जुलैत कॅप उतरणार म्हणून थांबण्यात फारसं हाती लागत नाही, कारण जुलैत हीटिंगच बंद असतं. जानेवारीच्या कॅपचा आकडा तुमच्या खिशाला सगळ्यात जास्त लागतो.

माझं स्पष्ट मत: फिक्स आजच्या कॅपपेक्षा स्वस्त मिळत असेल आणि पुढची कॅप मोठी उतरणार असं जाहीर झालेलं नसेल तर घ्या. आणि महिन्याचं बजेट इतकं ताणलेलं असेल की हिवाळ्यात २०-३० पौंड वाढले तरी घरभाडं नाहीतर नर्सरीची फी अडते, तर थोडं महाग फिक्सही घ्यायला हरकत नाही, त्या निश्चिंतीची किंमत आहे ती.

पायरी ५: अटी वाचा

सगळ्यात आधी एक्झिट फी. मध्येच सोडलं तर ती वीज आणि गॅसला वेगवेगळी लागते. शून्य एक्झिट फीचं फिक्स थोडंसंच महाग असेल तर मी तेच घेईन, कारण दर उतरले की उडी मारता येते. फिक्सच्या शेवटच्या ४९ दिवसांत कंपनी एक्झिट फी घेऊ शकत नाही.

भाड्याच्या घरात असाल आणि बिल तुमच्या नावावर येत असेल तर कंपनी बदलायचा हक्क तुमचाच आहे. पण सहा महिन्यांत घर बदलायचं चाललं असेल तर फिक्स सोबत नेता येतं का, नाहीतर फी लागते का, हे कंपनीला लेखी विचारा, चॅटवर विचारलं तर स्क्रीनशॉट ठेवा. वॉर्म होम डिस्काउंटचे (कमी उत्पन्नाच्या घरांना बिलात मिळणाऱ्या सवलतीचे) १५० पौंड मिळत असतील तर नवीन कंपनी त्या योजनेत आहे ना तेही बघा. आणि २८ दिवसांपेक्षा जुनी थकबाकी असेल तर जुनी कंपनी तुम्हाला अडवू शकते, आधी ती मिटवा.

दर अर्ध्या तासाला किंवा रोज बदलणारी टॅरिफ पण असतात. इलेक्ट्रिक गाडी रात्री चार्ज होत असेल, वॉशिंग मशीन दुपारी लावता येत असेल तर फायद्याची, पण संध्याकाळी सहाला घरी येऊन एकदम कुकर, ओव्हन, ड्रायर सगळं चालू करणाऱ्या घराला नाही परवडत.

पायरी ६: बदलताना

तुलनेच्या साइटवर "फक्त आमच्यामार्फत घेता येणारी टॅरिफ दाखवा" अशी खूण आधीच केलेली असते कधी कधी, ती काढा म्हणजे बाजारातली सगळी टॅरिफ दिसतील. सध्याच्या कंपनीलाही विचारा, काही वेळा जुन्या ग्राहकांसाठी वेगळं फिक्स असतं. ठरलं की अर्ज करा, पाइप-तारा काही बदलत नाहीत, एक सेकंदही पुरवठा बंद होत नाही, साधारण पाच कामकाजाच्या दिवसांत होऊन जातं. पहिल्या १४ दिवसांत मन बदललं तर रद्द करता येतं.

बदलाच्या दिवशी दोन्ही मीटरचा फोटो काढा, आकडे आणि मीटरचा नंबर दोन्ही दिसतील असा. शेवटच्या बिलावर वाद झाला तर हाच फोटो कामी येतो. जुन्या कंपनीकडे जमा असलेले पैसे शेवटचं बिल आल्यावर परत मिळतात, नाही आले तर मागे लागा, तक्रार करून आठ आठवडे झाले तरी सुटलं नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे (ग्राहक आणि कंपनीतले वाद सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे) फुकटात जाता येतं.

आणि फिक्स संपायच्या ४९ दिवस आधीचा रिमाइंडर आजच फोनमध्ये टाका. काहीच केलं नाही तर फिक्स संपल्यावर कंपनी तुम्हाला आपोआप कॅपवाल्या साध्या टॅरिफवर टाकते, आणि तेव्हा नेमकी ऐन थंडी असू शकते.