शर्मूला लावून माशाचं ताजीन कसं करावं

ताजीन हा मोरोक्कोचा मंद आचेवर शिजणारा पदार्थ; ज्या भांड्यात तो होतो त्यालाही ताजीनच म्हणतात. मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावर, साफी, एसाविरा, अगादीर या बंदरांत मासा म्हटला की शर्मूला आलाच. हा हिरवा ओला मसाला. यात खोबरं नाही, गरम मसाला नाही आणि तो परतायचाही नाही. कच्चाच माशाला चोळायचा.

शर्मूला. अर्धा किलो माशाला एक वाटी बारीक चिरलेली कोथिंबीर, अर्धी वाटी पार्सली, लसणाच्या 5 पाकळ्या, 2 चमचे पाप्रिका, दीड चमचा जिरेपूड, चमचाभर मीठ, 2 मोठे चमचे लिंबाचा रस आणि 4 मोठे चमचे ऑलिव्ह तेल. पार्सली नसेल तर सगळी कोथिंबीरच घ्या. पाप्रिकाऐवजी काश्मिरी मिरचीपूड चालते, पण ती तिखट असते, एकच चमचा पुरे. लसूण मिठाबरोबर खलबत्त्यात ठेचा आणि बाकीचं त्यात कालवा. मिक्सर नकोच, त्यात याची चटणी होते.

सुरमई, रावस किंवा घोळीच्या बोटभर जाड तुकड्या घ्या. निम्मा शर्मूला चोळून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभर मुरवू नका; लिंबामुळे मासा पांढरा पडतो आणि भुसभुशीत होतो.

खारवलेलं लिंबू. खरी मोरोक्कन चव इथे आहे. लिंबाला चार चिरा द्यायच्या, पण तळाशी ते जोडलेलं राहू द्यायचं. आत मीठ ठासून बरणीत दाबून भरायचं, वर लिंबाचा रस बुडेपर्यंत ओतायचा आणि महिनाभर विसरून जायचं. वापरताना धुऊन गर टाकून द्या, फक्त साल घ्या. घरात मिठातलं जुनं, बिनमसाल्याचं लिंबू असेल तर तेही चालेल. साखर-गूळ घातलेलं मात्र नको. काहीच नसेल तर ताज्या लिंबाच्या पातळ चकत्या.

रचणं आणि शिजवणं. शंकूसारख्या झाकणाचं मातीचं ताजीन असेल तर गॅसवर खाली तवा ठेवा, थेट आचेवर ते तडकतं. नसेल तर जाड बुडाचं पसरट पातेलं घ्या. तळाला गाजराचे उभे तुकडे लावा, म्हणजे वरचं काही बुडाला लागत नाही (तिकडे यासाठी बोरूच्या कामट्याही लावतात). त्यावर बटाट्याच्या पातळ चकत्या, ढोबळी मिरची, टोमॅटो. उरलेला शर्मूला आणि पाव वाटी पाणी घालून झाकण लावा. मंद आचेवर 25 मिनिटांत बटाटा जवळजवळ शिजतो.

मासा आत्ताच घालायचा, आधी नाही. वर ऑलिव्ह आणि खारवलेल्या लिंबाची साल पसरून आणखी 12 ते 15 मिनिटं ठेवा. डाव घालू नका, भांडंच हलवा. सुरीच्या टोकाने मांस काट्यापासून सुटलं की झालं. रस पातळ वाटला तर शेवटी झाकण काढून आटवा.

ताजीनबरोबर तिकडे कुसकुस (रव्याचे वाफवलेले बारीक दाणे) नाही, गोल पाव असतो. रस त्यानेच निपटायचा. आपल्याकडे गोव्याची पोई छान जाते.

तारली मिळाली तर तिचा काटा काढून दोन मासे उघडे करा. मधे शर्मूला भरून, कातडी बाहेर ठेवून एकमेकांवर दाबा, मैद्यात घोळवा आणि थोड्या तेलात दोन्हीकडून तळा. तारलीला स्वतःचं तेल भरपूर असतं, म्हणून या शर्मूल्यात ऑलिव्ह तेल एकच चमचा घाला, नाहीतर सारण कडेने बाहेर येतं.