उंदराच्या आतड्यातली ग्लायकोलिपिड फोडणारी एन्झाइम मोजताय? या चुका टाळा

ट्यूबमध्ये निळी चमक दिसली की हायसं वाटतं. एन्झाइम शाबूत आहे म्हणायचं आणि आलेख काढायला बसायचं. पण चमक कोणामुळे आली? उंदराच्या लहान आतड्याच्या अस्तराचा लगदा म्हणजे मिसळ असते. ग्लुकोसिलसेरामाइड (सेरामाइड या चरबीला ग्लुकोज जोडलेलं ग्लायकोलिपिड) फोडणारी निदान तीन एन्झाइम त्यात एकत्र असतात: लायसोसोममधलं जीबीए-१, पेशीतल्या पटलांना धरून असणारं जीबीए-२ आणि ब्रश बॉर्डरवरचं (आतड्याच्या पेशींच्या आतल्या पोकळीकडच्या केसाळ कडेवरचं) लॅक्टेज-फ्लोरिझिन हायड्रोलेज, म्हणजे एलपीएच. आहारातले ग्लायकोलिपिड पचवण्याचं काम मुख्यतः या तिसऱ्याचं. आपल्याला मोजायचं असतं तेच, आणि मोजली जाते तिघांची बेरीज.

एलपीएच हे एकच प्रथिन, पण क्रियाकेंद्रं दोन. एक लॅक्टोज फोडतं, दुसरं फ्लोरिझिन (एक वनस्पतिजन्य ग्लुकोसाइड) आणि ग्लायकोसिलसेरामाइड, म्हणजे कुठलीही साखर जोडलेलं सेरामाइड. फ्लोरिझिन फोडणारं आणि ग्लायकोलिपिड फोडणारं एन्झाइम एकच, हे लीस आणि सेमेन्झा यांनी १९७३ मध्ये मांडलं. १९८१ मध्ये कोबायाशी आणि सुझुकी यांनी उंदराच्या आतड्यातूनच ग्लायकोसिलसेरामिडेज, म्हणजे हेच एन्झाइम, शुद्ध करून त्याचे सब्सट्रेट (ते फोडतं ते पदार्थ) तपासले. तरीही लॅक्टोजवरचा आकडा दाखवून ‘ग्लायकोलिपिडचं पचन घटलं’ असं लिहिणारे भेटतातच.

नकली सब्सट्रेटवर थांबणं

४-मिथाइलअंबेलिफेरिल-बीटा-ग्लुकोसाइड पाण्यात सहज विरघळतं आणि फुटलं की निळं चमकणारं मिथाइलअंबेलिफेरोन सोडतं, म्हणून सगळ्यांचं लाडकं. पण ते लिपिड नाही. ते फुटलं म्हणजे सेरामाइडला जोडलेली साखरही सुटते, असं गृहीत धरू नका. चाळणी म्हणून वापरा. नंतर खरं ग्लुकोसिलसेरामाइड किंवा एनबीडी हा चमकणारा रंग लावलेलं त्याचं रूप घेऊन टीएलसीवर (पातळ थरावर पदार्थ वेगळे करण्याच्या पद्धतीत) सेरामाइडचा ठिपका प्रत्यक्ष बघा. इथे पित्तक्षार लागतात, नाहीतर लिपिडचे गोळे होतात आणि एन्झाइम त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मात्र टॉरोकोलेट हा पित्तक्षार घातल्यावर जीबीए-२ बरंचसं बंद पडतं. म्हणजे डिटर्जंट बदलला की बेरजेतले आकडेही बदलतात. दोन वेगळ्या बफरमधले निकाल शेजारी ठेवून तुलना करू नका.

सीबीईवर आंधळा विश्वास

कॉन्ड्युरिटॉल-बी-इपॉक्साइड (सीबीई, एन्झाइम बंद पाडणारं रसायन) घातलं, जे बंद पडलं ते जीबीए-१, उरलं ते आपलं. मेंदूच्या किंवा यकृताच्या सँपलवर हे गणित बऱ्यापैकी चालतं, आतड्यात फसतं. सशाच्या एलपीएचची दोन्ही क्रियाकेंद्रं शोधायला हेच रसायन वापरलं गेलं होतं! मात्रा वाढवली, वेळ लांबवली, की ते एलपीएचलाही चिकटतं. पीएच बदलूनही सुटका नाही: एलपीएचला ६ च्या आसपास आवडतो, जीबीए-१ ला साधारण ५.५. मी स्वतः यात तीन आठवडे घालवले आहेत. त्यापेक्षा ब्रश बॉर्डर वेगळी करा. मॅनिटॉल बफर, १० मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड, मग दोन टप्प्यांत सेंट्रिफ्यूज. लगद्याच्या तुलनेत अल्कलाइन फॉस्फेटेज (ब्रश बॉर्डरची खूण मानलं जाणारं एन्झाइम) किती पट वाढलं ते आधी बघा. ते वाढलं नसेल तर पुढचं काहीही मोजण्यात अर्थ नाही.

‘एक तुकडा घेतला’

कुठला? एलपीएच जेजुनममध्ये (लहान आतड्याच्या मधल्या भागात) भरपूर, इलियमच्या (शेवटच्या भागाच्या) टोकाकडे कमी. एका उंदराचा पुढचा आणि दुसऱ्याचा मागचा तुकडा घेतलात, तर औषध न देताही ‘परिणाम’ दिसेल. जठरापासूनचं अंतर सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवा. वयाचंही तेच: पिल्लं साधारण तिसऱ्या आठवड्यात दूध सोडतात आणि एलपीएच उतरणीला लागतं. १४ दिवसांचं पिल्लू आणि दोन महिन्यांचा उंदीर यांची तुलना करायची असेल तर ती मुद्दाम करा, चुकून नको.

आकडा विचित्र आला तर

फारच कमी आला: आतडं कापल्याबरोबर बर्फावर ठेवलं होतं का? आतला ऐवज थंड सलाइनने धुतला होता का? स्वादुपिंडाचे प्रोटिएज (प्रथिनं फोडणारी एन्झाइम) राहिले तर ते आपलं एन्झाइम कुरतडतात. प्रोटिएज रोखणारं पीएमएसएफ ऐनवेळी घाला, पाण्यात ते टिकत नाही. क्रिया थांबवणाऱ्या स्टॉप बफरचा पीएच १० च्या वर आहे ना, हेही तपासा. आम्लात मिथाइलअंबेलिफेरोन नीट चमकत नाही.

फारच जास्त आला: न धुतलेल्या ऐवजातल्या जिवाणूंकडेही बीटा-ग्लुकोसिडेज असतं. आणि आकडा कमी असो की जास्त, ट्रायटन हा डिटर्जंट असलेल्या सँपलवर ब्रॅडफर्ड (प्रथिन मोजण्याची एक पद्धत) केलंत का? ट्रायटन ब्रॅडफर्डमध्ये गोंधळ घालतो. प्रथिनाचा आकडा बिघडला की प्रति मिलिग्रॅमचं सगळंच गणित गेलं. त्याऐवजी बीसीए ही दुसरी पद्धत वापरा.

आणि ट्विचर उंदीर (जनुकीय बिघाड असलेला एक प्रकार) वापरत असाल, तर त्याच्या आतड्यात गॅलॅक्टोसिलसेरामाइड फुटताना दिसलं म्हणून जीनोटाइपिंग चुकलं असं ठरवू नका. त्याचा बिघाड लायसोसोममधल्या जीएएलसी या गॅलॅक्टोसिलसेरामाइड फोडणाऱ्या एन्झाइमच्या जीनमध्ये आहे. एलपीएचचा जीन निराळा, आणि एलपीएचला गॅलॅक्टोसिलसेरामाइडही चालतं.