जुन्या गाडीला दुसरा सेल्फ घेताना

किल्ली फिरवली, 'टक्' वाजलं आणि गाडी गप्प. एवढ्यावर सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) गेला असा निकाल देऊ नका. बॅटरी उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवी आणि सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जाता कामा नये. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी सेल्फच्या बॉडीवर धरा आणि कुणाला तरी किल्ली मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर रोग अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरीकडे परतणाऱ्या निगेटिव्ह जोडणीत आहे. नवा सेल्फही तसाच 'टक्' करून बसेल.

हातोडीनं ठोकून बघा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजले असतील तर ठोकल्यावर एखादवेळ सेल्फ फिरतो हे खरं. पण बऱ्याच सेल्फमध्ये कॉइलच्या जागी चुंबक असतात. ते तडकले की दोन कार्बनांत भागणारं काम भंगारात जातं.

निगेटिव्ह काढा, सेल्फ उतरवा. त्याच भोकातून टॉर्चनं फ्लायव्हीलची रिंग, म्हणजे सेल्फ जिला फिरवतो ती दातेरी कडी बघा. गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीचा बोल्ट पान्यानं फिरवत पूर्ण फेरा तपासा. इंजिन बंद होताना ठरावीक जागीच थांबतं: चार सिलिंडरला दोन जागा, मारुती 800 सारख्या तीन सिलिंडरला तीन. दात खाल्लेले सापडतील ते तिथेच. रिंग खाल्लेली असेल तर आधी ती बदला, नाहीतर नव्या पिनियनचीही (सेल्फच्या टोकाचं लहान दातेरी चाक) तीच गत होईल.

आता खरेदी. पैसे बुडतात ते इथेच. काउंटरवर नुसतं 'मारुती झेनचा सेल्फ द्या' म्हणू नका. पेट्रोल झेनला 993 सीसीचं सुझुकी इंजिन, डिझेल झेनला 1527 सीसीचं प्यूजो. डिकीवरचं नाव एक, सेल्फ वेगळे. बॉडीवरच्या नंबरवरही आंधळा विश्वास नको. वीस वर्षांत मधल्या कुणीतरी भलताच सेल्फ बसवलेला असू शकतो. इंजिन नंबर लिहून घ्या, जुना सेल्फ पिशवीत टाका, सोबत व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) घ्या. पुण्यात नाना पेठ असो की मुंबईत ऑपेरा हाऊस, दोन्ही सेल्फ काउंटरवर शेजारी ठेवून मापल्याशिवाय पाकीट काढायचं नाही.

पिनियनचे दात मोजा. एका दाताचा फरकही चालत नाही. दात सारखे भरले तरी बाहेरचा व्यास मापा, कारण तेवढेच दात लहान-मोठ्या पिनियनवरही बसतात. मग पिनियन बोटानं फिरवा: ते एका दिशेला मोकळं फिरतं, दुसऱ्या दिशेला अडतं. दोन्ही सेल्फमध्ये मोकळी दिशा एकच हवी. ती उलटी निघाली तर तो सेल्फ तुमच्या इंजिनाचा नाही. बोल्टची भोकं जुळली म्हणून दुकानदार कितीही छातीठोक सांगो.

सगळ्यात फसवं माप म्हणजे फ्लँजच्या (इंजिनावर टेकणाऱ्या सेल्फच्या कडेच्या) तोंडापासून पिनियनच्या टोकापर्यंतचं अंतर. सेल्फ गप्प असताना पिनियन आणि रिंग यांच्यात सुमारे 3 मिलिमीटर मोकळीक हवी. कमी असेल तर पिनियन चालत्या रिंगला घासतं. जास्त असेल तर दात अर्धेच अडकतात आणि दोन-तीन महिन्यांत रिंगच्या कडा कानस मारल्यासारख्या होतात. जुन्या सेल्फपेक्षा हे अंतर मिलिमीटरभरही वेगळं असेल तर तो माल परत ठेवा. जुनाच चुकीचा असल्याची शंका असेल तर इंजिनाच्या ज्या तोंडावर सेल्फ बसतो तिथे सरळ पट्टी धरून रिंगपर्यंतची खोली मापा आणि त्यातून 3 मिलिमीटर वजा करा.

'वॉशर टाकून ॲडजस्ट करू' म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. सेल्फ मध्यावर बसतो तो फ्लँजच्या गोल खांद्यामुळे. बोल्टच्या एका कानाखाली वॉशर गेला की तो तिरका होतो. खांद्याचा व्यासही मापा. तिथे खडखड नको.

सोलेनॉइड (पिनियन पुढे ढकलणारा, सेल्फवरचा विजेचा स्विच) कोणत्या बाजूला येतो तेही बघा, नाहीतर तो सायलेन्सरच्या पाइपला चिकटतो. आत गिअर असलेला सेल्फ मिळत असेल आणि वरची सगळी मापं जुळत असतील तर खुशाल घ्या. तो हलका असतो आणि करंटही कमी ओढतो.

जुना सेल्फ अस्सल कंपनीचा असेल आणि आर्मेचर (आतला फिरणारा भाग) शाबूत असेल, तर स्वस्त नकली नव्यापेक्षा तोच भरून घेणं केव्हाही बरं: कार्बन, बुश (आर्मेचरचा दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या), बेंडिक्स (पिनियनचा जोड), लागल्यास सोलेनॉइड. आर्मेचरवर घासल्याच्या रेघा दिसल्या तर बुश संपलेत. पितळी बुश बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायला सांगा. कोरडा बुश फार टिकत नाही.

इलेक्ट्रिकल मालाला गॅरंटी नसते, हे ऐकायला मिळेलच. म्हणून दुकानातच व्हाइसमध्ये घट्ट पकडून बॅटरी लावायला लावा. सेल्फ सुटताना झटका देतो, हातात धरू नका. पिनियन खटकन बाहेर यायला हवं आणि करंट तोडताच आत जायला हवं.

बसवताना इंजिनाचं तोंड तारेच्या ब्रशनं चकचकीत करा; अर्थिंग तिथूनच मिळतं. रंग किंवा ग्रीस तिथे नको. मग एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ न मारता आवाज ऐका. फिरताना कर्कश शीळ आली तर दात लांब पडतायत. इंजिन लागल्यावर किल्ली सोडताना आली तर जास्त जवळ. दोन्हीत सेल्फ त्याच दिवशी उतरवून दुकानात परत न्या.