लाइट गेली आणि हॉलमध्ये समुद्र आला

हॉल-बेडरूमच्या मधल्या भिंतीत सहा बाय दोन बाय दोन फुटांचा रीफ टँक (प्रवाळ आणि माशांची खाऱ्या पाण्याची टाकी) बसवला. तिसऱ्या आठवड्यात लाइट गेली आणि थोड्या वेळाने बायको ओरडली, "अहो, गालिचा भिजलाय!"

खालच्या टाकीतलं पाणी पंप रिटर्न पाइपने वर टँकमध्ये चढवतो. पंप थांबला की तोच पाइप उलटा सायफन होतो, म्हणजे टँकमधलं पाणी त्यातून आपोआप खाली ओढलं जातं. माझं नोझल (पाइपचं वरचं तोंड) चार इंच पाण्याखाली होतं. बारा चौरस फुटांवरचं चार इंच पाणी म्हणजे साधारण 113 लिटर. संपमध्ये (हरताळ नव्हे, खालची टाकी) जागा होती 60 लिटरची. उरलेलं फरशीवर. पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह होता, पण त्याच्या झडपेत चिमुकली गोगलगाय अडकलेली!

मग नोझल वर घेतलं, जेमतेम इंचभर बुडेल असं. शिवाय पाण्याच्या रेषेखाली लगेच पाइपला 6 मिलिमीटरचं भोक पाडलं. पाणी तिथवर उतरलं की हवा शिरते, सायफन तुटतो. भोकात शेवाळ धरतं, म्हणून दर रविवारी जुन्या टूथब्रशने घासतो. व्हॉल्व्हवर आता भरवसा नाही.

शेवटी स्वतःच मेन स्विच पाडून बघितला. पाणी संपच्या काठाखाली दोन बोटं थांबलं. वाळलेल्या गालिच्यावर मात्र मिठाची पांढरी रेघ अजून दिसते.